ब्रॅम्लीनं नेमकं केलं काय?

माझं भांडण एका घरमालकाशी आहे. त्याला मरून शतक उलटलंय, त्यामुळे तो उत्तर द्यायला येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण त्याचं नाव आजही इंग्लंडातल्या प्रत्येक भाजीवाल्याच्या तोंडी आहे, तेव्हा बिचारा म्हणून त्याला सोडून द्यायचं काही कारण नाही. मॅथ्यू ब्रॅम्ली, धंद्यानं खाटीक, राहणार साउथवेल, नॉटिंगहॅमशर. इंग्रजांच्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं आंबट सफरचंद त्याच्या नावानं चालतं: ब्रॅम्लीज सीडलिंग. म्हणजे ब्रॅम्लीचं रोप. या दोन शब्दांतला दुसरा खरा आहे आणि पहिला धादांत खोटा.

तो खाटीक होता याबद्दल माझी काही तक्रार नाही. कष्टाचा धंदा आहे. वकील असता, पाद्री असता तरी मी हेच लिहिलं असतं, कदाचित जास्त चवीनं.

आधी फळाबद्दल सांगते, नाहीतर एवढं आकांडतांडव कशासाठी ते कळायचं नाही. मी गेली अकरा वर्षं नॉटिंगहॅमला राहते. पहिल्याच ऑक्टोबरात शेजारच्या आजीबाईंनी कुंपणावरून एक जड पिशवी दिली. आत हिरवीगार, बसकी, वेडीवाकडी, एकेक मुठीत न मावणारी सफरचंदं, एका अंगावर लाल रेघा ओढलेल्या. मी तिथंच एक उचलून चावलं. दात असे आंबले की संध्याकाळी वरणभातसुद्धा जपून खावा लागला. आजीबाई पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, अगं, हे खायचं नाही, शिजवायचं.

हा भेद आपल्याला नवा वाटायला नको. कैरी आणि आंबा यांत आपण करतोच की. फरक इतकाच की आपली कैरी पिकून आंबा होते. ब्रॅम्ली कितीही दिवस ठेवा, तो आंबट तो आंबटच. मॅलिक आम्ल भरपूर, आणि गोडीनं त्यावर मात करावी एवढी साखर त्याच्यात नसते. कच्चं असताना हा दुर्गुण. चुलीवर चढलं की हाच गुण. बाजारातलं गोड सफरचंद शिजवून पाहा: फोडी तशाच राहतात, नुसत्या मऊ आणि बेचव होतात, चव वाफेबरोबर उडून जाते. ब्रॅम्लीच्या फोडी पाच-सात मिनिटांत फुलतात, विरघळतात, पातेल्यात पांढरा हलका फेसाळ गर उरतो, आणि साखर घातल्यावरही त्याचा आंबटपणा मागून ठणठणीत उभा असतो. इंग्रजांचं पाय, क्रंबल, डुकराच्या मांसाबरोबरची चटणी, मधला गाभा काढून बेदाणे भरून भट्टीत भाजलेलं अख्खं सफरचंद, हे सगळं या आंबटपणावर उभं आहे. इंग्लंडात सफरचंदांच्या शेकडो जुन्या जाती. शिजवायच्या जातीही पुष्कळ होत्या. ब्रॅम्लीनं जवळजवळ साऱ्यांना बाजारातून हुसकावून लावलं. शिवाय टिकतंही. थंड अंधाऱ्या फडताळात ठेवलं तर हिवाळा काढून वसंतापर्यंत पोचतं.

मी काय केलं? लोणचं घातलं. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, लाल तिखट, हळद, वर गार केलेली फोडणी. लेस्टर, लंडन, बर्मिंगहॅम, कुठल्याही मराठी घरात विचारा, कैरी महाग किंवा मिळेनाशी झाली की हात याच सफरचंदाकडे वळतो. चैत्रातल्या आंबेडाळीत मी ब्रॅम्ली किसून घातलंय आणि पंगतीतल्या एकाही माणसाला पत्ता लागलेला नाही. (एका काकूंना लागला होता, पण त्या पदर तोंडाला लावून गप्प राहिल्या.) तेव्हा या फळाचं मी मीठ खाल्लंय, अक्षरशः. म्हणूनच त्याचं नाव मला खुपतं.

आता हकिगत. १८०९ च्या सुमारास साउथवेलमधल्या एका लहानशा घरात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं सफरचंदाच्या काही बिया कुंडीत लावल्या. एक रोप जोमानं वाढलं, कुंडीत मावेना, तेव्हा ते घरामागच्या बागेत लावलं गेलं. पुढं मेरी ॲनचं लग्न झालं, ती त्या घरातून गेली. झाड तिथंच राहिलं. १८४६ साली ते घर बागेसकट मॅथ्यू ब्रॅम्लीनं विकत घेतलं. १८५२ साली मेरी ॲन वारली. १८५६ साली हेन्री मेरीवेदर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा, घरचा धंदा रोपवाटिकेचा, एका माळ्याच्या टोपलीतली ही थोराड फळं पाहून थबकला, माग काढत ब्रॅम्लीच्या दारात पोचला आणि कलमासाठी काड्या मागितल्या. ब्रॅम्ली म्हणाला, ने खुशाल, पण एक अट आहे. फळाला माझं नाव द्यायचं.

बस्स. या फळाच्या इतिहासात ब्रॅम्लीचं कर्तृत्व एवढंच. घर घेतलं, आणि अट घातली.

मेरीवेदर कामाचा माणूस होता. त्याच्या हिशेबाच्या वहीत पहिली नोंद आहे ३१ ऑक्टोबर १८६२ ची: अप्टन हॉलच्या जॉर्ज कूपर यांना तीन ब्रॅम्ली सफरचंदं, दोन शिलिंग. पुढं १८७६ साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या फळसमितीनं या जातीची वाखाणणी केली आणि मग तिची घोडदौड थांबली नाही. १८८४ मध्ये ती आयर्लंडमधल्या अर्माघला गेली, तिथं अशी रुजली की २०१२ साली ‘अर्माघ ब्रॅम्ली’ला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. झाड लावणारीला नाही, निदान प्रांताला तरी मिळालं म्हणायचं.

सफरचंदाची एक गंमत ध्यानात घ्या, कारण सगळा खटला तिच्यावर उभा आहे. सफरचंदाची बी आईवर जात नाही. एका फळातल्या पाच बिया लावल्या तर पाच तऱ्हेची झाडं येतात, आणि बहुतेक निकस. आपल्याकडच्या रायवळ आंब्यासारखंच. कोकणात कोयीपासून उगवलेलं प्रत्येक झाड आपली वेगळी चव घेऊन येतं, म्हणून कुणी शेपू, कुणी खोबऱ्या, कुणी शेंदऱ्या. मेरी ॲनच्या कुंडीत उगवलं ते एक रायवळ होतं, लाखात एक निघालं. त्याची जात टिकवायची तर कलम हाच रस्ता. खुंट दुसऱ्या झाडाचा, वरची काडी याची. म्हणजे आज केंटमध्ये, अर्माघमध्ये, माझ्या शेजारच्या आजीबाईंच्या परसात जे जे ब्रॅम्ली उभं आहे, ते खुंटाच्या वर त्याच एका झाडाचं अंग आहे. तिनं लावलेल्या बीचं. ब्रॅम्लीनं त्यात एक पेशीसुद्धा घातलेली नाही.

मी हे इथल्या लोकांशी बोलते तेव्हा मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं: बी कुणीही लावतं, त्यात काय मोठं? खरं कर्तृत्व ते फळ ओळखणाऱ्याचं, वाढवणाऱ्याचं, बाजारात आणणाऱ्याचं. ठीक. मान्य करू. मग नाव मेरीवेदरचं द्या! त्या पोरानं टोपलीत डोकावून पाहिलं, कलमं बांधली, वह्या लिहिल्या, प्रदर्शनात फळं मांडली. मी तक्रार केली नसती. त्याचं नाव १९०७ साली एका डॅमसनला, म्हणजे लहानशा आंबट निळ्या आलुबुखारला, मिळालंही. जन्माच्या नात्यानं पाहा, हक्क मेरी ॲनचा. कष्टाच्या नात्यानं पाहा, हक्क हेन्रीचा. कुठलाही काटा लावा, पारड्यात ब्रॅम्ली बसतच नाही. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण इंग्रजीत नाही, पण त्या गावात नागोबा मात्र होता.

दुसरं उत्तर जास्त चिडवणारं: कायद्यानं झाड त्याचंच होतं ना! होतं. हेच तर मी म्हणते. हे नाव कर्तृत्वाचं नाही, खरेदीखताचं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्याचं आहे. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या नावावर झाड, आणि झाडावर चढून नाव फळात. मेरी ॲनचं नाव त्या कागदावर यायची सोय तरी होती का? विवाहित इंग्रज बाईला आपल्या मिळकतीवर स्वतंत्र हक्क मिळायला १८८२ सालचा कायदा यावा लागला. तोवर तिची कुंडीसुद्धा नवऱ्याची.

माझ्या आजोळी विहिरीजवळ एक आंबा होता. आजीनं लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात कोय पुरली होती, चार उन्हाळे कळशीनं पाणी घातलं होतं. गाव त्याला ‘नानांचा आंबा’ म्हणायचं. नाना माझे आजोबा. त्यांनी त्या झाडाला आयुष्यात एक तांब्या पाणी घातलेलं कुणी पाहिलं नाही. पिकलेले आंबे मात्र तेच मोजून द्यायचे. आजीला विचारलं तर म्हणायची, नावात काय ठेवलंय. मला लहानपणी ते मोठं शहाणपणाचं वाटायचं. आता वाटतं, ज्यांना नाव मिळत नाही त्यांनाच हे वाक्य पाठ करायला लावतात.

तर साउथवेल. गाव लहान आहे, पण नाव जपण्यात गावानं कसूर केलेली नाही. कवी बायरनची आई १८०३ ते १८०८ या काळात इथल्या बर्गेज मॅनरमध्ये भाड्यानं राहिली. पोरगा शाळा-कॉलेजच्या सुट्टीत यायचा, कुरकुरायचा, कविता छापायचा. कुठल्या खिडकीशी बसायचा तेही लोक सांगतील. त्याच गावात, जवळपास त्याच वर्षी, एका मुलीनं जे लावलं त्यानं पुढं लाखो माणसांच्या ताटात जागा मिळवली, आणि तिच्याबद्दल सांगायला चार ओळी पुरतात. गावातल्या मोठ्या चर्चमध्ये, साउथवेल मिन्स्टरमध्ये, तेराव्या शतकात दगडात कोरलेली पानं आहेत. ओक, द्राक्ष, हॉप, आयव्ही, अशी की वारा आला तर हलतील. पेव्हस्नरसारख्या जाणकारानं १९४५ साली त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ती कोरणाऱ्या पाथरवटांची नावं कुणालाच माहीत नाहीत. तिथं उभी राहिले तेव्हा मला वाटलं, हे गाव झाडांच्या बाबतीत फार जुन्या सवयीचं आहे.

हल्ली मात्र मेरी ॲनची आठवण काढायची पद्धत पडली आहे. दर ऑक्टोबरात ब्रॅम्लीचा उत्सव, पायची स्पर्धा, आणि त्यात एक गोडसा किस्सा: एकदा काय झालं, एका लहान मुलीनं कुंडीत बी लावली... ऐकणारे माना डोलावतात, अरे वा, किती छान. हा गोडवा मला ब्रॅम्लीच्या आंबटपणापेक्षा जास्त झोंबतो. खोटं नाव फलकावर आणि खरं नाव गोष्टीत! उत्सव त्याचा, किस्सा तिचा. ती ‘लहान मुलगी’ होऊन बसली की तिचा हक्क मागावा लागत नाही. लहान मुलींना गोष्टीत बसवता येतं, उताऱ्यावर नाही.

हे सगळं अटळ होतं, काळच तसा होता, असं म्हणणाऱ्यांसाठी शेजारच्याच लिंकनशरचा दाखला देते. पीसगुड्स नॉनसच नावाचं एक देखणं, थोराड सफरचंद आहे. तेही शिजवायचंच. तेही एका मुलीनं ग्रँथमला कुंडीत बी लावून वाढवलेलं. ती लग्न होऊन स्टॅमफर्डला गेली तेव्हा रोप बरोबर घेऊन गेली असं सांगतात. १८७२ साली ते फळ प्रदर्शनात आलं आणि नाव राहिलं मिसेस पीसगुडचं. आडनाव अर्थात नवऱ्याचं, पण निदान ती स्वतः त्या नावानं हाक मारली तर ओ देत होती. बोध काय घ्यायचा? सासरी जाताना दागिने राहिले तरी चालतील, झाड उपटून न्या.

आणि ग्रॅनी स्मिथ. ते चकचकीत हिरवं सफरचंद आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या फळवाल्याकडेही दिसतं. ही स्मिथ आजी खरी होती: मारिया ॲन स्मिथ, ससेक्समधून ऑस्ट्रेलियाला गेलेली शेतकरीण. सिडनीजवळच्या तिच्या बागेत १८६८ च्या सुमारास हे रोप आपसूक उगवलं, १८७० साली ती वारली, आणि शेजारपाजाऱ्यांनी नाव तिचंच ठेवलं. जमीन तिच्या घरची होती, हे विसरू नका. तिथंही मारिया ॲन कुठं आहे? ‘आजी’ आहे. बाईला फळावर यायचं तर आधी म्हातारं व्हावं लागतं.

इंग्रजांना झोडपून मी मोकळी झाले असं कुणी समजू नये. आपला हापूस घ्या. हे नाव अफोन्सो दे अल्बुकर्कवरून आलं असं सर्रास सांगितलं जातं. हा गृहस्थ गोवा जिंकणारा, १५१० साली. १५१५ साली तो मेला. आंब्याची कलमं बांधायचं श्रेय ज्यांना देतात ते जेसुइट पाद्री गोव्यात आले १५४२ मध्ये. म्हणजे ज्याच्या नावानं आपण पेट्या विकतो त्याला मरून सत्तावीस वर्षं झाल्यावर कलमवाले बोटीतून उतरले, आणि त्यांच्या हाताखाली गोव्याच्या मातीत कोयता, सुतळी घेऊन उभे असलेले माळी तर कुठल्याच नोंदीत नाहीत. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी आली, सिंधुदुर्ग आला. माळी आला नाही. नाव ठेवण्याच्या बाबतीत साउथवेल आणि कोकण सख्खे शेजारी आहेत.

‘आता नाव कसं बदलणार?’ हा तिसरा सूर. जातींच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, रूढ झालेलं नाव हलवत नाहीत. शास्त्रज्ञांनी हलवू नये, त्यांची पुस्तकं घोटाळ्यात पडतील. पण बाजारानं मला नियम शिकवू नयेत. पिंक लेडी म्हणून जे गुलाबी सफरचंद चढ्या भावानं विकलं जातं त्याच्या जातीचं नाव क्रिप्स पिंक आहे. जॉन क्रिप्स नावाच्या माणसानं ऑस्ट्रेलियात ते तयार केलं. विकण्यासाठी ‘लेडी’ बरी दिसली, म्हणून व्यापारी नाव वेगळं घेतलं आणि कुणाचं आभाळ कोसळलं नाही. नफा दिसला की एका रात्रीत नवं नाव. न्याय मागितला की परंपरा आडवी येते.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. ब्रॅम्ली हे झाड त्रिगुणित आहे. साध्या सफरचंदाच्या पेशीत ३४ गुणसूत्रं, याच्यात ५१. त्यामुळे त्याचे पराग जवळजवळ निकामी. याला फळ धरायचं तर जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं. आणि त्या दुसऱ्यालाही फळ हवं असेल तर तिसरं, कारण ब्रॅम्ली त्याला काही देऊ शकत नाही. शेजाऱ्यांकडून घ्यायचं, परत द्यायचं नाही, फळ मात्र आपल्या नावावर. झाड तिचं होतं, पण गुण कुणाचा उतरला ते सांगायला नको.

मूळ झाडाची कथा संपत आली आहे. १९०० सालच्या वादळात ते आडवं झालं, पण मेलं नाही. पडल्या जागी मुळं धरून पुन्हा उभं राहिलं आणि शंभर वर्षांहून अधिक फळत राहिलं. आता त्याला मध-बुरशीनं धरलंय. ती मुळांतून खाते, तिच्यावर इलाज नाही. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याच्या ऊतींपासून नवी रोपं करून ठेवली. पुढं नॉटिंगहॅम ट्रेंट या दुसऱ्या विद्यापीठानं ते घर आणि बाग सांभाळायला घेतली. झाड मरेल, जात राहील. दोनशे वर्षं जे नाव लागलं नाही ते लावायची ही शेवटची बरी वेळ होती: नवी रोपं, नव्या पाट्या. पाट्यांवर काय लिहिलंय ते तुम्ही ओळखलंच असेल.

साउथवेलकर काही माझं ऐकायचे नाहीत. म्हणून आपल्याच लोकांना सांगते. लेस्टर, लंडन, हाउन्सलो, जिथं असाल तिथं, यंदा ऑक्टोबरात हिरवी सफरचंदं आणून लोणचं घालाल तेव्हा बरणीवर चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर ‘मेरी ॲन’ लिहा. आमच्या फडताळात अशा तीन बरण्या आहेत. मीठ हात राखून घाला, आणि फोडी आधी तासभर कपड्यावर सुकवा. कैरीपेक्षा हिला पाणी फार सुटतं.